मातीचा ठाव

वेलचेरीत इमारतीच्या पायासाठी बोअर घेतात तेव्हा हातोड्याला कधी कधी कामच उरत नाही. लोखंडी तिकाटणं उभं करायचं, कप्पीवरून दोर सोडायचा, साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा टाकायचा आणि सळयांच्या टोकाची नळी जमिनीत शिरायला किती ठोके लागतात ते मोजायचं, अशी ही पद्धत. पहिले पंधरा सेंटिमीटर हिशेबात धरत नाहीत. पुढच्या तीस सेंटिमीटरचे ठोके वहीत जातात आणि त्या आकड्याला साइटवरचे सगळे, मिस्त्रीपासून इंजिनियरपर्यंत, ‘एन व्हॅल्यू’ म्हणतात. भारतीय मानक २१३१ मध्ये हे सगळं रीतसर लिहिलेलं आहे. पण वरचा भराव संपून खालची काळपट, ओली चिकणमाती लागली की नळी आणि सळया नुसत्या आपल्या वजनानं खाली सरकू लागतात, ठोका पडायच्या आधीच. मग वहीत लिहितात शून्य.

शून्य म्हणजे काय? त्या मातीत ताकद नाही, असा अर्थ कोणीही काढील. पण त्याच दलदलीच्या कडेला म्हशी चरतात, वर्षानुवर्षं भरावाचं ओझं ती माती अंगावर घेते. वखारीतल्या लाकडं तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवली आणि काटा हलला नाही, म्हणून अंगठीला वजन नाही असं सोनार म्हणणार नाही. शून्य हातोड्याबद्दल काही सांगतं, मातीबद्दल फारसं नाही.

चेन्नईच्या दक्षिणेचा हा भाग पाण्याच्या शेजारानं वाढला. अलीकडे वेलचेरीची एरी, म्हणजे तलाव, आणि पलीकडे पल्लीकरणैची दलदल. तलाव बुजत, आखडत गेला आणि त्या जागेवर वसाहती आल्या. नोव्हेंबर २००७ मध्ये खांबांवरची रेल्वे वेलचेरीपर्यंत पोचली आणि जागांचे भाव चढले. डिसेंबर २०१५ च्या पुरात इथल्या गल्ल्यांतून माणसं होड्यांनी बाहेर काढावी लागली. उरलेली दलदल २०२२ साली रामसर यादीत गेली. इतक्या ओल्या जमिनीवर इतकं काँक्रीट उभं राहतं, त्या अर्थी कोणीतरी खालच्या मातीला ‘तू किती सोसशील?’ असं विचारलेलं असणार. ते विचारायची रीत कशी घडली आणि त्यात संगणक कुठून आला, याची ही गोष्ट आहे. तिचा एक धागा वेलचेरीतून निघतो आणि साडेपाच किलोमीटर खोल समुद्रात जातो.

वेलचेरीहून तांबरमकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर पल्लीकरणैला राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था आहे, सगळ्यांच्या तोंडी एनआयओटी. दलदलीच्या काठावरच्या या संस्थेतल्या अभियंत्यांपुढे वेलचेरीच्या बोअरवाल्याचाच प्रश्न होता. फरक इतकाच की त्यांची माती हिंदी महासागराच्या तळाशी होती आणि तिथे तिकाटणं लावता येत नव्हतं.

त्यांच्यापर्यंत हा प्रश्न गोव्यातून आला. २६ जानेवारी १९८१ या दिवशी, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजानं समुद्रतळावरून बटाट्याएवढे काळे गोटे पहिल्यांदा वर काढले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या काळात या संस्थेनं उभारी धरली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचं नेतृत्वही त्यांनीच केलं. हे गोटे म्हणजे बहुधातू गुठळ्या. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असं सगळं त्यात असतं आणि दहा लाख वर्षांत त्या जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र राखून मिळालं. अग्रणी गुंतवणूकदार म्हणून जगात पहिली नोंदणी भारताचीच झाली. दीड लाख म्हणजे जवळजवळ निम्मा महाराष्ट्र. पुढे नियमाप्रमाणे त्यातलं अर्धं परत करून ७५,००० चौरस किलोमीटर उरलं.

गुठळ्या तळावर नुसत्या पसरलेल्या असतात, खणावं लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या ज्या मातीवर पडलेल्या असतात ती माती म्हणजे सूक्ष्म जीवांच्या काचेसारख्या सांगाड्यांचा, पाण्यानं तट्ट भरलेला गाळ. शंभर ग्रॅम कोरडा भाग असेल तर पाणी तीनशे ग्रॅमहून जास्त, कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक. अशा गाळावरून टनावारी वजनाचं यंत्र पट्ट्यांवर चालवायचं. ते रुतलं तर खाली उतरून ढकलायला माणूस नाही.

गोव्याच्या संस्थेत एन. एच. खडगे यांच्यासारख्या संशोधकांनी या गाळाचा अभ्यास केला. जहाजावरून पेटीसारखं साधन खाली सोडायचं, त्यात तळाचा चौकोनी घास घ्यायचा आणि वर डेकवर आणून त्यात चिमुकली फिरकी खुपसून कर्तनबल मोजायचं. कर्तनबल म्हणजे मातीचे थर एकमेकांवरून सरकू न देण्याची ताकद, अभियंते जिला शिअर स्ट्रेंग्थ म्हणतात. वरच्या हातभर थरात हे बल अगदी थोड्या किलोपास्कलांचं निघालं. या आकड्यांनी पुष्कळ कळलं. पण साडेपाच किलोमीटर वर खेचलेला, वाटेत हिंदकळलेला, दाब उतरून सैलावलेला गाळ तळावरच्यासारखा राहतो का? विरजण हलवून मग ते किती घट्ट लागलंय हे पाहण्यासारखंच ते होतं. दही पाहायचं तर भांड्यात, न हलवता पाहायला हवं.

माती जागेवरच तपासायची ही कल्पना समुद्राची नव्हे, रेल्वेची. स्वीडनमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला रुळाखालच्या चिकणमातीचे कडे पुन्हा पुन्हा घसरत होते, म्हणून तिथल्या रेल्वेनं वोल्मार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचं काम चालू असतानाच, १ ऑक्टोबर १९१८ ला येटो इथं भराव खचून धावती गाडी त्यात गेली आणि चाळीसहून अधिक माणसं मेली. १९२२ साली आयोगाचा अहवाल आला. त्या अहवालामागे हजारो बोअर होते. याच देशात पुढे ती फिरकी घडली जिला आपल्याकडे ‘व्हेन’ म्हणतात. सळईच्या टोकाला अधिक-चिन्हासारखी चार पाती लावायची, ती मातीत सरळ दाबायची आणि हळूहळू पिळायची. माती तुटते तो क्षण पकडायचा. १९५० साली काडलिंग आणि ओडेनस्टाड यांनी तिचं शास्त्र नीट मांडलं. भारतीय मानक ४४३४ मध्ये हीच चाचणी आहे.

हॉलंडची गोष्ट निराळी. तो देशच गाळावर उभा. १९३२ साली पीटर बारेंटसेन या अभियंत्यानं गॅसच्या साध्या नळीतून पंधरा मिलिमीटरची सळई घातली, तिच्या टोकाला साठ अंशांचा शंकू बसवला आणि हातानं दाबून किती जोर लागतो ते पाहिलं. त्या शंकूचं दहा चौरस सेंटिमीटरचं माप आज जगभर प्रमाण आहे. एका सरकारी अभियंत्यानं नळीच्या तुकड्यावर बेतलेलं माप शतकभर टिकावं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात गमतीचं वाटतं.

खरी अडचण इथून पुढे आहे. फिरकी पिळताना मोजला जातो पीळ. शंकू दाबताना मोजला जातो जोर. कर्तनबल कोणीच मोजत नाही, ते पिळावरून आणि जोरावरून काढावं लागतं. मापाला अर्थ देण्यासाठी मधे एक कल्पना उभी करावी लागते. फिरकीची कल्पना सोपी: पाती फिरली की मातीचा एक डबा मोकळा होतो, डब्याच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखीच ताकद लागते, म्हणून पीळ भागिले डब्याचं माप. साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि तेरा उंच पाती, पाच किलोपास्कलचा गाळ धरला तर पीळ येतो पाच न्यूटन-मीटर. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडायला लागतो साधारण तेवढाच. या हिशेबात डब्याच्या वरच्या-खालच्या चकत्यांचा वाटा एक सप्तमांश, म्हणजे चौदा टक्के धरलेला असतो.

१९७२ साली नॉर्वेच्या लॉरिट्स ब्येरुम यांनी या सरळ हिशेबाला पहिला मोठा धक्का दिला. ज्या भरावांची फिरकीनं तपासणी झाली होती आणि जे तरीही ढासळले, त्यांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या. निघालं ते असं की माती जितकी चिकट, तितकी फिरकी तिची ताकद फुगवून सांगते. अतिचिकट मातीत फिरकीचा आकडा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायला हवा. कारणं दोन. फिरकी काही मिनिटांत माती तोडते, भराव आठवडे-महिने घेतो, आणि माती घाई केली की जास्त विरोध करते. शिवाय फिरकी उभ्या पृष्ठभागावर तोडते, भराव मात्र तिरप्या आणि आडव्याही पृष्ठभागांवर घसरतो. ढासळलेल्या भरावांनी दिलेला हा दाखला होता आणि त्याची किंमत आधीच मोजून झाली होती. ढासळल्यावाचून असं काही कळेल का, हा प्रश्न संगणकाच्या वाट्याला आला.

१९६० साली अमेरिकेत रे क्लफ यांनी ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रूढ केलं. पद्धत समजून घ्यायला दाक्षिणात्य किंवा मराठी अंगण पुरेसं आहे. रांगोळीचे ठिपके काढायचे आणि जोडून त्यांच्या लहान लहान चौकटी करायच्या. प्रत्येक चौकट मातीचा एक तुकडा. एक तुकडा दाबला की शेजारच्यावर किती भार जातो, तो किती सरकतो, हे समीकरणानं मांडायचं. चौकट एकटी असेल तर हिशेब सोपा. हजार चौकटींची हजारो समीकरणं एकदम सोडवायला मात्र यंत्र हवं. मुंबई विद्यापीठातून १९५९ साली स्थापत्य अभियंता झालेले चंद्रकांत देसाई पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी ही पद्धत मातीला लावण्यात आयुष्य घातलं. १९७२ चं त्यांचं आणि जॉन एबल यांचं पाठ्यपुस्तक, १९७७ पासूनचं भूयांत्रिकीतल्या संगणनाचं नियतकालिक, या मार्गांनी एक पिढी घडली. वेलचेरीला दार असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये १९७३ साली जर्मन मदतीतून आयबीएम ३७०/१५५ हा संगणक आला. त्या काळी समीकरणं म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची थप्पी. ती काउंटरवर द्यायची, दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला जायचं आणि एका कार्डात स्वल्पविराम चुकलेला असेल तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतात. पण कार्ड देण्याआधी दहा वेळा विचार करायची सवय त्या पिढीला लागली ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

१९८४ साली लंडनमध्ये पीटर रॉथ यांनी मानाचं रँकिन व्याख्यान दिलं. विषय होता जागेवरच्या मातीचाचण्यांचा अर्थ कसा लावायचा. फिरकीच्या डब्याच्या वरच्या-खालच्या चकत्यांवर ताण सारखा नसतो, कडेला एकवटतो आणि मधे जवळजवळ नसतोच, हे तोवर संगणकी गणितातून आणि मोजणीतूनही दिसू लागलं होतं. रॉथ यांनी मांडलं की लंडनच्या चिकणमातीत पिळाचा सुमारे ९४ टक्के भाग उभ्या भिंतीवरून येतो. म्हणजे चकत्यांचा वाटा चौदा नव्हे, सहाच टक्के. आकड्यात फरक लहान दिसतो, अर्थाच्या दृष्टीनं मोठा. चौतीस वर्षं वापरलेल्या सूत्राच्या आत काय चाललंय हे पहिल्यांदा उघडून पाहता आलं होतं. चाचणी मातीची परीक्षा घेते. आता संगणक चाचणीची परीक्षा घेऊ लागला.

शंकूचं प्रकरण अधिक अवघड निघालं. शंकूला लागलेला जोर कर्तनबलाच्या कितीपट असतो? जुन्या सिद्धांतानं नऊ म्हणा, अनुभवानं दहा ते वीस म्हणा. दहा धरलं आणि खरं वीस असलं, तर दुप्पट ताकद गृहीत धरून पाया बांधला जातो. १९८५ साली एमआयटीच्या मोहसेन बालिघ यांनी शंकूभोवती माती पाण्यासारखी वाहते असं धरून वाट काढली. १९९१ साली तेह आणि हूल्सबी यांनी दाखवलं की हा गुणक ठरलेला नाहीच. माती तिच्या ताकदीच्या मानानं किती ताठ आहे यावर तो बदलतो. एकाच ताकदीच्या दोन मातींत शंकू दोन निरनिराळी उत्तरं देऊ शकतो.

आणि मग रांगोळी विस्कटली. शंकू मीटरभर खाली गेला की त्याच्या वाटेतले ठिपके खेचले जातात, चौकटी पिळवटतात, रेघा एकमेकींवर चढतात आणि संगणक थांबतो. पर्थमध्ये मार्क रँडॉल्फ आणि हू यांनी १९९८ मध्ये यावर जो उपाय काढला तो गृहिणीच्याच बुद्धीचा. रांगोळी विस्कटायच्या आधीच थांबायचं, नवे ठिपके काढायचे, जुन्या चौकटींतलं बळ नव्या चौकटींत उतरवायचं आणि पुढे जायचं. असं शेकडो वेळा करायचं. त्याआधीच, १९८४ साली, रँडॉल्फ आणि हूल्सबी यांनी चिकणमातीतून आडवा सरकणाऱ्या गोल खांबाचं नेमकं गणित सोडवलं होतं. त्या गणितावरून १९९१ मध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आडवा दांडा जन्मला, जो मातीत दाबला की माती त्याच्याभोवतीनं पूर्ण वाहून जाते. त्यामुळे वरच्या ओझ्याचा हिशेब वजा करावाच लागत नाही. आधी समीकरण, मग लोखंड. पुढे समुद्रतळाच्या अतिमऊ गाळात हा दांडा खूप वापरात आला.

पल्लीकरणैची संस्था या इतिहासात उशिरा आली, म्हणून दुसऱ्यांच्या चुका तिला फुकट मिळाल्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिला स्वतःची जागा नव्हती, आयआयटी मद्रासच्या आवारातच ती वाढली. पहिले संचालक प्रा. एम. रवींद्रन हे तिथल्या सागरी अभियांत्रिकी विभागाचेच. गुठळ्या गोळा करायच्या यंत्रासाठी जर्मनीच्या झीगेन विद्यापीठाशी करार झाला. २००० साली तुतिकोरीनसमोर ४१० मीटर खोलीवर पट्ट्यांवर चालणारं यंत्र उतरवलं. २००६ मध्ये मालवणसमोर खोल पाण्यात, साडेचारशे मीटरच्या आसपास, पुन्हा चाचणी झाली. मालवण म्हटल्यावर मराठी माणसाला सिंधुदुर्ग आठवतो. किल्ला बांधणाऱ्यांनी कुरटे बेटाचा खडक पायासाठी निवडला होता. त्याच किनाऱ्यासमोर साडेतीनशे वर्षांनी अभियंते मुद्दाम गाळ शोधत होते.

पाचशे मीटरला जे चाललं ते साडेपाच हजाराला चालेल याची खात्री नव्हती. म्हणून आधी मातीच विचारायची ठरली. दूरनियंत्रणावर चालणारा, समुद्रतळावर बसून शंकू आणि फिरकी चालवणारा मातीपरीक्षक एनआयओटीनं तयार केला आणि मध्य हिंदी महासागरात ५,४६२ मीटर खोलीवर त्यानं मोजमाप घेतलं.

इथं जरा थांबून विचार करावासा वाटतो. त्या खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ५५,००० किलोपास्कल. गाळाचं कर्तनबल पाच-दहा. शंकूवर येणारा खरा जोर त्याच्या दसपटीनं धरला तरी पन्नास-शंभर. म्हणजे पंचावन्न हजारांच्या गर्दीत पन्नासांचा आवाज ऐकायचा. मापक आतून-बाहेरून सारख्या दाबाखाली ठेवावा लागतो, नाहीतर तो मातीऐवजी समुद्र मोजतो. यंत्र तळावर बसतं तेव्हा त्याच्या पायांनी शेजारची माती आधीच दाबलेली असते. किती लांबवर दाबली, हे डोळ्यांनी दिसत नाही. फिरकी गाळात अतिशय हळू फिरवावी लागते, पण सहा किलोमीटर केबल खाली सोडलेलं जहाज वर लाटेवर असतं, त्याला वेळेची चैन परवडत नाही. घाई केली की माती ताकद फुगवून सांगणार. वेग दसपट वाढला तर चिकणमातीचं बल साधारण दहा टक्क्यांनी वाढतं, हा ढोबळ नियम. या प्रत्येक ‘किती’चं उत्तर अशा ठिकाणी प्रयोगानं मिळवणं जवळपास अशक्य. ते गणितावर उभ्या केलेल्या मातीत, पडद्यावरच्या रांगोळीत शोधावं लागतं, आणि मग तळावरून आलेल्या मोजक्या आकड्यांशी ताडून पाहावं लागतं. दोन्हींपैकी एकानं दुसऱ्याला मोडीत काढलं असं होत नाही. आकडे थोडे असतात म्हणूनच प्रत्येक आकड्यामागे काय घडलं हे माहीत असावं लागतं.

यंत्राचा हिशेब पुढे आणखी वेगळा. मऊ जमिनीवर पट्टा किती रुततो आणि किती घसरतो, याची समीकरणं पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या बेकर यांनी रणगाड्यांच्या आणि पुढे चांद्रवाहनांच्या विचारातून मांडली. १९७० मध्ये चंद्रावर फिरलेल्या सोव्हिएत लुनोखोद-१ च्या पोटाखाली शंकू आणि फिरकी जोडून बनवलेलं साधन होतं, आणि त्यानं शेकडो ठिकाणी चंद्राच्या मातीत डोकं खुपसून पाहिलं. माणूस जिथं जाऊन पाय ठेवू शकत नाही, तिथं तो आधी शंकू पाठवतो.

२०२१ च्या वसंतात ‘सागर निधी’ जहाजावरून ‘वराह-१’ हे यंत्र मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोल उतरलं आणि तळावर स्वतःच्या पट्ट्यांवर चाललं. अंतर शंभर मीटरहून थोडं अधिक. नाव अर्थातच दशावतारातलं, समुद्रात बुडालेली पृथ्वी दातांवर तोलून वर आणणाऱ्या वराहाचं. पुराणकारांनी त्या वराहाचे पाय कशावर टेकले होते हे सांगितलेलं नाही, अभियंत्यांना ते सांगावं लागलं.

चाललेल्या यंत्राच्या मागे तळावर दोन पट्ट्यांची वाट उरते. १९७८ साली प्रशांत महासागरात एका यंत्रानं उठवलेल्या अशाच वाटा २००४ मध्ये पाणबुडीतून पाहिल्या तेव्हा कालच उमटल्यासारख्या दिसल्या. गाळ मऊ, पण विसरायला तयार नाही. मला तर वाटतं ती रुतलेली वाटच खरी चाचणी. वजन माहीत, पट्ट्याची रुंदी माहीत, खोली मोजता येते. उलटं गणित करून गाळाची ताकद काढा आणि शंकूच्या आकड्याशी जुळते का ते बघा.

आणि एनआयओटीच्या त्याच रस्त्यावर, काही किलोमीटर अलीकडे, वेलचेरीत? ४ डिसेंबर २०२३ ला मिचौंग वादळाच्या पावसात वेलचेरीजवळ बांधकामासाठी खणलेल्या खोल खड्ड्याची कड खचली, पाणी भरलं, आणि दोन कामगार त्यात अडकून मेले. पाणी उपसून त्यांच्यापर्यंत पोचायला दिवस गेले. त्या दुर्घटनेचं कारण ठरवणं हे माझं काम नव्हे आणि इथून ते ठरवताही येणार नाही. पण तिच्यानंतर जे माझ्या डोक्यातून जात नाही ते साध्या जागेवरच्या साध्या तपासणीबद्दल आहे. समुद्राच्या तळाशी एक आकडा मिळवायला जहाज, केबल, कित्येक वर्षं. वेलचेरीत फिरकी वाहनातून उतरवून तासाभरात लावता येते. तरी बऱ्याच ठिकाणी काम भागवलं जातं हातोड्याच्या एन व्हॅल्यूवर, कारण ते स्वस्त आणि सगळ्यांना ओळखीचं. मग तो शून्य किंवा दोन हा आकडा तक्त्यातून कर्तनबलात बदलतात, ते बल ऑफिसातल्या संगणकात घालतात, आणि खड्ड्याची भिंत किती मिलिमीटर सरकेल याचं उत्तर दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत छापून येतं. रंगीत चित्र येतं, लाल-निळं. त्या चित्राच्या मुळाशी एक हातोडा आहे, जो कधी पडलाच नव्हता, हे चित्रात दिसत नाही.

समुद्रासाठी बसवलेल्या त्याच गणिताला जमिनीवर विचारलं, तर ते लगेच सांगेल की शून्य एन व्हॅल्यू देणाऱ्या मातीचं कर्तनबल पाच किलोपास्कल असू शकतं आणि बाराही असू शकतं, आणि त्या दोहोंत खड्ड्याची भिंत टिकणं आणि न टिकणं इतका फरक पडू शकतो. कुठल्या बाजूला आहोत हे ठरवायला तिथली एक फिरकी हवी, पाच मिनिटं हळू पिळलेली.

पावसाळा उलटला की वेलचेरीत पुन्हा तिकाटणी दिसू लागतात. बोअर पाच-सहा मीटरवर पोचतो, वर आलेला गाळ हातावर घेतला तर थंड आणि वासाचा असतो, बोटांच्या फटींतून हळू सरकतो. भोकात पाणी जमिनीपासून वीतभर खाली येऊन थांबतं. पोरगा वही उघडतो, खोलीच्या रकान्यात सहा लिहितो, आणि ठोक्यांच्या रकान्यापाशी थबकून सळईकडे बघतो, जी अजून सावकाश खाली जातेच आहे.